तीन वेळा मेलेला वेंडेल

वेंडेल ऑस्टबीला एल्कच्या शिकारीचा परवाना लागला, त्या वेळी तो बार्लो गावच्या काउंटी कचेरीत एका बाईला तिच्या ट्रकची नंबरप्लेट आज का मिळणार नाही हे समजावून सांगत होता. हे काम तो वीस वर्षं करत होता आणि त्यात त्याचा हात धरणारा मोंटानात कोणी नव्हता.

परवान्यासाठी तो अकरा वर्षं अर्ज करत होता. अर्जांची सोडत निघायची, वेंडेलला नकाराचं पत्र यायचं आणि तो ते तारखेप्रमाणे फायलीत लावायचा. बारावं पत्र लावायलाही त्याने घरी येऊन फाईल उघडली, भोकं पाडायचं यंत्र हातात घेतलं, आणि मग बायको लोर्ना ओरडली, "अरे, वाच तरी आधी!"

एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. ते मारून आणलं की बार्लोतल्या घराचा हिवाळा निघतो. पण वेंडेलचं दुखणं मांसाचं नव्हतं, झाकणाचं होतं. त्याचे सासरे हॅल्वर गेली साठ वर्षं दर ऑक्टोबरात खेचर घेऊन टंबल खोऱ्यात तळ टाकायचे. तिथे त्यांची पिठाची एक लाकडी पेटी होती. जो कोणी एल्कची शिंगं तळावर आणील, त्याचं नाव आणि शिंगांच्या टोकांची संख्या हॅल्वर स्वतः त्या पेटीच्या झाकणावर चाकूने कोरायचे. झाकणावर हॅल्वरचे भाऊ होते, मेव्हणे होते, एक पाद्री होता. इतकंच नव्हे, वेंडेलचा साडू डर्कही होता. डर्क गरम पाण्याचे टब विकायचा. त्याने मारलेला एल्क ट्रकपासून चाळीस पावलांवर उभा होता आणि, वेंडेलच्या मते, आजारी होता. पण झाकणावर 'आजारी' असा रकाना नव्हता.

वेंडेल अकरा वर्षं त्या तळावर कॉफी करत होता आणि भांडी घासत होता.

यंदाचं वर्ष शेवटचं. हॅल्वरचा गुडघा गेला होता. नाताळानंतर खेचर विकून ते धाकट्या मुलीकडे ॲरिझोनाला राहायला जाणार होते. म्हणजे या ऑक्टोबरात नाव कोरलं गेलं तर गेलं.

"जा," लोर्ना म्हणाली. "पण गेल्या वर्षी त्याच खोऱ्यात त्या माणसाला अस्वलाने फाडलं, विसरू नकोस. डॅडना सुखरूप आण. आणि येताना स्वतःलाही आण."

तेव्हा वेंडेलने ठरवलं की अस्वलाच्या तोंडावर मारायच्या मिरचीच्या फवाऱ्याचा एक डबा विकत घ्यायचा. बस्स. एवढाच बेत होता.

डब्याबरोबर दुकानदाराने वन्यजीव कचेरीची चाळीस पानांची पुस्तिका फुकट दिली. दुसऱ्या कोणी तिचा शेकोटी पेटवायला उपयोग केला असता. वेंडेलने ती रात्रीच्या जेवणाआधी दोनदा वाचली आणि समासात खुणा केल्या.

"या दोन गोष्टी बघ," तो लोर्नाला म्हणाला. "पान नऊ. एल्क शोधताना तोंडातून शब्द काढू नका. पान दहा. अस्वल दचकू नये म्हणून सतत मोठ्याने बोलत राहा."

"मग?"

"मग काय? दोन्ही पानं एकाच कचेरीने छापलीत."

शेजारी रॉस्कोचं आणि वेंडेलचं कुंपण एकच होतं, त्यामुळे सल्ला द्यायला रॉस्कोला फाटक उघडण्याचीही तसदी घ्यावी लागत नसे.

"फवारा?" रॉस्को कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला. "म्हणजे अस्वल जेवायला बसणार आणि तू चटणी वाढणार. अरे, पिस्तूल घे! माझ्या चुलतभावाकडे आहे, एवढं मोठं."

"त्याने अस्वल मारलं?"

"नाही. स्वतःचा ट्रक मारला. पण एका गोळीत!"

न्हाव्याचं मत होतं की मेल्याचं सोंग घ्यावं. दंतवैद्याचं मत होतं की मुळीच घेऊ नये, नाकावर गुद्दा मारावा. न्हावी म्हणाला, ते काळ्या अस्वलाला. मोठ्या तपकिरी ग्रिझलीपुढे मरावंच लागतं. वेंडेल खुर्चीत मान खाली घालून ऐकत होता. बार्लोत ग्रिझली जवळून पाहिलेली माणसं दोनच होती, आणि ती दोघं या विषयावर काही बोलत नसत.

पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात होतं की सरावाशिवाय फवारा वापरू नये. ठळक अक्षरांपुढे वेंडेलचं काही चालत नसे. त्याने वन्यजीव कचेरीच्या शिबिरात नाव नोंदवलं.

शिबीर कचेरीच्या मागच्या अंगणात होतं. मिस केटल नावाची एक उंच, शांत बाई सगळ्यांना सरावाचे डबे वाटत होती. त्यांत मिरची नसते, नुसतं पाणी आणि हवा. अंगणाच्या टोकाला चाकांवर बसवलेलं प्लायवुडचं अस्वल उभं होतं. मिस केटलने बटण दाबलं की ते घोडा धावतो त्या वेगाने माणसावर चालून येई.

पहिल्यांदा ते आलं तेव्हा वेंडेलने खटका जीव खाऊन दाबला, पण डब्यावरची केशरी खीळ काढायची राहिली होती. अस्वल त्याच्या नडगीवर आदळलं.

"मृत," मिस केटल म्हणाली आणि कागदावर खूण केली.

दुसऱ्यांदा त्याने खीळ काढली, पण घाईघाईने अस्वल निघायच्या आतच सगळा फवारा संपवला. अस्वल ढग विरेपर्यंत थांबलं आणि मग आलं. "मृत." तिसऱ्यांदा त्याने खीळ काढली, वाटही पाहिली, पण वारा समोरून होता. पाणी त्याच्या चष्म्यावर बसलं आणि अस्वल कुठल्या बाजूने आलं ते त्याला कळलंसुद्धा नाही.

"मृत. पण बरीच सुधारणा आहे."

चौथ्यांदा तो वाचला. प्रमाणपत्रावर सही-शिक्क्यानिशी लिहून आलं : प्रयत्न ४. मृत ३. जिवंत १. शेरा : सूचनांचे वाचन उत्तम.

"हा 'मृत'चा रकाना," वेंडेल घसा साफ करत म्हणाला, "रिकामा ठेवता नाही येणार?"

"मिस्टर ऑस्टबी, छापील नमुना आहे," मिस केटल म्हणाली.

हे वाक्य त्याने स्वतः खिडकीतून वीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. ते पलीकडून कसं लागतं ते त्याला पहिल्यांदाच कळलं. त्याने प्रमाणपत्र मुकाट्याने घेतलं आणि, सरकारी कागद असल्यामुळे, त्यावर प्लास्टिक चढवून घेतलं.

शिबिरात रॉस्कोचा तो पिस्तूलवाला चुलतभाऊही होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी न्हाव्याने दारातच आरोळी ठोकली, "कैलासवासी आले, खुर्ची द्या!" चर्चमध्ये पाद्रीबाबांनी त्याचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला.

दुखावलेला माणूस सराव वाढवतो. वेंडेलने सरावाचा एक डबा विकत आणला आणि शनिवारी अंगणात रॉस्कोला अस्वल व्हायला सांगितलं. रॉस्कोने भूमिका फारच मनावर घेतली. बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र त्याने बाहेर काढलं, न्हाणीघरातलं तपकिरी पायपुसणं पाठीवर बांधलं आणि टोमॅटोच्या वाफ्याजवळून डरकाळी फोडत निघाला. वेंडेलने टेबलावरचा डबा उचलला, खीळ काढली, वाट पाहिली आणि दाबला. अगदी पुस्तिकेत होतं तसं.

फरक एवढाच की लोर्नाने मघाशी टेबल पुसताना डब्यांची अदलाबदल झाली होती.

नारिंगी ढगात रॉस्को नाहीसा झाला. थोड्या वेळाने त्यातून यंत्र एकटंच बाहेर आलं, वाफ्यावरून गेलं, कुंपणातून आरपार गेलं आणि वेंडेलच्याच टपालपेटीला धडकून थांबलं. स्वयंसेवी अग्निशमन दल सात मिनिटांत आलं. दलाचा प्रमुख म्हणजे आपला दंतवैद्य. त्याने रॉस्कोचे डोळे धुतले आणि सवयीने तोंडही उघडायला लावलं.

"मानलं," रॉस्को नळाखालून म्हणाला. "चटणी नाही ही. मी शब्द मागे घेतो."

रात्री सासऱ्यांचा फोन आला.

"तू शेजाऱ्याला मारलंस म्हणे."

"नाही हो, हॅल्वर. डोळे चुरचुरले फक्त. त्याला आता दिसतंय."

"हं," हॅल्वर म्हणाले आणि फोन ठेवला. हॅल्वरच्या 'हं'मध्ये बरंच काही मावत असे.

वेंडेलने दोन नवे डबे आणले. एक स्वतःला, एक हॅल्वरना. आपल्या डब्यावर त्याने लाल चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे पुन्हा घोळ नको. सरावाचा डबा डर्कला शिकवायला बरोबर घेतला.

तळावर पोचायला खेचरामागून चार तास चालावं लागतं. खेचराचं नाव बर्निस. अख्ख्या घराण्यात हॅल्वर फक्त तिचं मत विचारात घेत. वेंडेल दर वळणावर टाळ्या वाजवत होता आणि ओरडत होता, "ए अस्वला! आम्ही येतोय रे! ए अस्वला!"

हॅल्वर थांबले. "हे काय चाललंय?"

"पान दहा."

"साठ वर्षं या वाटेने चालतोय मी. एक शब्द बोललो नाही."

"कोणाशीच?"

"बोलण्यासारखं कोणी नव्हतं," हॅल्वर म्हणाले. आताही नव्हतं, हे ओघानेच आलं. कानाचं यंत्र त्यांनी बंद करून खिशात टाकलं. डोंगरात ऐकण्यासारखं काही नसतं आणि बॅटरी उगाच जाते, असं त्यांचं म्हणणं.

तंबू उभा राहिला. वेंडेल ओढ्यावर पाणी आणायला गेला. परत येतो तो हॅल्वर आणि डर्क तंबूबाहेर खोकत पडलेले, आणि बर्निस दोर ताणून जमेल तेवढी लांब उभी.

"मी फक्त मदत करत होतो!" डर्क डोळे चोळत म्हणाला. "डासांच्या औषधासारखं असेल म्हणून म्हटलं, तंबूला आतून-बाहेरून नीट मारून घेऊ. म्हणजे अस्वल जवळ येणार नाही."

"पान चौदा!" वेंडेलला रडू यायचं बाकी होतं. "पान चौदा! कशालाही फवारून ठेवू नका. सुकल्यावर त्याच वासाने अस्वल हुंगायला येतं!"

"म्हणजे मी उलट..."

"तू त्याला आमंत्रण लिहिलंस, डर्क. आतून-बाहेरून."

हॅल्वरचा डबा संपला होता. तंबू उतरवून लांब पाइनच्या झाडाला उंच टांगला, आणि तिघं ताडपत्रीखाली बर्निसच्या शेजारी राहायला गेले. जेवणं झाल्यावर वेंडेल भांडी घासायला गेला. हॅल्वर पेटीपाशी बसून पाइप ओढत त्याच्या पाठीकडे बराच वेळ बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत वेंडेलने एल्क मारला. हे एका वाक्यात सांगतोय, कारण ते झालंच तेवढ्यात. कड्यावर दोन तास गप्प बसला, एल्क आला, वेंडेलने एक गोळी झाडली आणि एल्क पडला. सहा आणि सहा, बारा टोकांची शिंगं. झाकणावर पाद्र्याच्या वर नाव येईल एवढी.

हॅल्वर जनावराभोवती एक चक्कर मारून आले. "बरा आहे," म्हणाले. वेंडेलने हे दोन शब्द मनात तारखेसह लावून ठेवले.

मग पुस्तिकेचं पान बावीस सुरू झालं. एकाने कापावं, दुसऱ्याने पाठ फिरवून पहारा द्यावा. वेंडेल शिट्टी तोंडात धरून, छातीवरच्या लाल पट्टीच्या डब्यावर हात ठेवून गोल गोल फिरत राहिला.

"तू घड्याळ आहेस का रे?" हॅल्वर चाकू पुसत म्हणाले.

पहिली खेप बर्निसवर लादली. उरलेलं मांस आतड्यांपासून शंभर पावलं लांब ओढून झाडाला टांगलं. शिंगं मात्र डोक्यासकट एवढी जड होती की ती झाडाच्या बुंध्याशीच ठेवावी लागली. "उद्या नेऊ," हॅल्वर म्हणाले. "शिंगं कोणी खात नाही."

सकाळी डर्क तळावर थांबला, कारण त्याचे डोळे अजून बटाट्यासारखे होते. पान सव्वीस म्हणतं, टांगलेल्या मांसाकडे परत जाताना वारा पाठीवर घ्यावा, लांबून दुर्बिणीतून पाहावं आणि मगच जावं. वेंडेल त्यासाठी वळसा घालून कड्यावर चढला. हॅल्वर पान सव्वीससाठी थांबणारे नव्हते. ते बर्निसला घेऊन खालच्या वाटेने सरळ निघाले.

वेंडेलने दुर्बीण लावली. झाडाखाली काल नव्हता असा मातीचा आणि फांद्यांचा एक ढीग होता. ढिगातून बारा टोकं वर आली होती. आणि ढिगावर, आपल्याच कोचावर बसावं तसं, एक ग्रिझली पसरलं होतं.

मग त्याने दुर्बीण खाली वळवली. वाटेवर बर्निस चारी पाय रोवून उभी होती. साठ वर्षांत हॅल्वरनी खेचराचं ऐकलं नाही असा हा एकच दिवस. त्यांनी तिला झाडाला बांधलं, बंदूक खोगिरालाच राहू दिली आणि रिकामी पोती खांद्यावर टाकून ते एकटे लंगडत पुढे चालले होते. ढिगापासून फार तर दीडशे पावलं.

"हॅल्वर!" वेंडेल ओरडला. शिट्टी फुंकली. पुन्हा ओरडला. कानाचं यंत्र खिशात शांत झोपलं होतं. शिट्टी ऐकली ती अस्वलाने. ते उठून बसलं.

वेंडेलला त्या क्षणी कोणती पानं आठवली? एकही नाही. आठवलं ते एवढंच की लोर्नाने सांगितलंय, डॅडना सुखरूप आण. तो उतारावरून धावत सुटला. टोपी गेली, शिट्टी गेली, पाठीवरची बंदूक ढुंगणावर आपटत होती. ती चालवण्यात अर्थ नव्हता, कारण मधे हॅल्वर होते. तो सासऱ्यांच्या अंगावरून जवळजवळ उडी मारूनच पुढे आला आणि त्याच वेळी अस्वल निघालं.

"ए अस्वला!" आवाज चिरकला. "ए अस्वला! माझे सासरे आहेत हे!"

ते प्लायवुडचं नव्हतं, एवढं लगेच कळलं. प्लायवुडला श्वासाचा आवाज नसतो.

खीळ. ती त्याने काढली. हिच्यामुळे तो पहिल्यांदा मेला होता. मग थांबला, कारण घाईमुळे दुसऱ्यांदा मेला होता. वारा पाठीवर होता, तिसऱ्यांदा होता तसा तोंडावर नव्हता. अस्वलाच्या छातीवरचे केस उलटे होताना दिसले तेव्हा त्याने खाली नेम धरून दाबला आणि दाबतच राहिला, आणि सगळा वेळ ओरडत राहिला. एवढ्या जवळून ते हॅल्वरना यंत्राशिवायही ऐकू आलं, पण काय ओरडला ते त्यांनी पुढे कोणालाही सांगितलं नाही, कारण त्यात पान नंबर फार होते.

ढगासमोर अस्वल थबकलं. मागच्या पायांवर उठलं, फुसफुसलं, वेंडेलकडे पाहिलं. सक्काळी सक्काळी इतका आरडाओरडा करणारा माणूस त्याने बहुधा कधी पाहिला नसावा. मग ते वळलं आणि झुडपं मोडत चढावर निघून गेलं. का गेलं, याचं उत्तर चाळीस पानांत कुठेही नाही.

दोघं मागे मागे चालत बर्निसपर्यंत आले. हॅल्वरनी कानात यंत्र घातलं.

"डोळे चोळू नका," वेंडेल धापा टाकत म्हणाला. "थोडा उडाला असेल तुमच्या अंगावर. मिरची आहे."

"नाही चुरचुरत."

"चुरचुरेल. रॉस्कोला..." वेंडेल थांबला. त्याची स्वतःची बाही ओली होती. नारिंगी नव्हती. त्याने ती हुंगली. मग जिभेला लावून पाहिली. मग डब्याकडे पाहिलं. लाल चिकटपट्टी जागच्या जागी होती, फक्त जरा वाकडी. वेंडेलने आयुष्यात चिकटपट्टी कधी वाकडी लावली नव्हती.

"पाणी आहे," तो म्हणाला.

हॅल्वर बर्निसच्या मानेकडे बघत होते.

"मी बदलला," ते म्हणाले. "परवा. तू भांडी घासत होतास तेव्हा तुझी पट्टी सरावाच्या डब्यावर चढवली. एका जावयाने शेजारी आंधळा केला, दुसऱ्याने तंबू. मला वाटलं, अस्वलापेक्षा तुझ्याच हातून मी जाईन. खरा डबा पेटीत आहे. पिठाखाली."

वेंडेलने मान डोलावली. मग तो वाटेतच बसला. बर्निसने त्याच्या डोक्यावर नाक टेकवलं, जे ती कोणासाठी करत नसे.

पुस्तिका म्हणते, अस्वलाने ताब्यात घेतलेलं जनावर सोडून द्यावं. त्यांनी सोडलं. अर्धं मांस गेलं. शिंगंही गेली.

तळावर आल्यावर हॅल्वरनी पेटी पुढे ओढली, पिठातून डबा काढून झटकला आणि वेंडेलच्या हातात दिला. मग झाकण मांडीवर घेतलं.

"शिंगं तळावर आली नाहीत," वेंडेल आपणहून म्हणाला. "नियम नियम आहे, हॅल्वर. माझं काही म्हणणं नाही."

"शिंगांचं कोण बोलतंय? तो तुझा कागद दाखव. मेल्याचा."

वेंडेलने प्लास्टिक चढवलेलं प्रमाणपत्र खिशातून काढून दिलं. हॅल्वरनी ते लांब धरून दोनदा वाचलं आणि चाकू उघडला.

ते दुपारभर कोरत बसले. डर्कने दोनदा विचारलं की पेटी उघडीच आहे तर भाकरी करायला घेऊ का. वेंडेल जवळ गेला नाही. अकरा वर्षांची सवय, तो कॉफी करत राहिला. ऊन उतरल्यावर हॅल्वरनी भुसा फुंकला आणि झाकण पेटीला टेकवून उभं केलं. पाद्र्याच्या वर, डर्कच्या तर खूपच वर, लिहिलं होतं :

वेंडेल ऑस्टबी. मेला तीनदा. जगला दोनदा. वाचवला एक.

वेंडेलने ते वाचलं. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा वाचलं. "त्या दुसऱ्या 'जगला'ला मिस केटलचा शिक्का लागेल," असं काहीतरी तो म्हणाला.

जेवणं झाली. वेंडेल उठून भांड्यांकडे वळला तर भांडी जागेवर नव्हती. हॅल्वर तवे, कप आणि कॉफीची किटली दोन्ही हातांत घेऊन लंगडत ओढ्याच्या दिशेने निघाले होते.

"घासल्यावर पाणी तळापासून शंभर पावलं लांब टाका!" वेंडेल राहवेना म्हणून ओरडला. "पान एकतीस!"

"ऐकू येतंय मला," म्हातारा न वळता म्हणाला. आणि पहिल्या वळणावर, साठ वर्षांत जिथे एक शब्द बोलला नव्हता तिथे, त्याने तव्यावर कप आपटला आणि खोऱ्यात घुमेल अशी आरोळी ठोकली :

"ए अस्वला! येतोय रे आम्ही!"